फुकट मिळणारा चित्रसंग्रह विद्यापीठाला केवढ्याला पडतो?

संग्राहकाचं वय झालं, मुलं परदेशी स्थायिक झाली, मोठा फ्लॅट विकायला काढला, की भिंतीवरच्या आणि पलंगाखालच्या चित्रांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. कुणीतरी सुचवतं, ‘विद्यापीठाला देऊन टाका, मुलांच्या उपयोगी पडतील.’ कुलगुरूंच्या नावे पत्र जातं, भेट ठरते, चहा होतो आणि तोंडी होकारही मिळतो. पुढच्या महिन्यात टेम्पो दारात येतो. नंतरच्या बहुतेक भानगडींचं मूळ त्या तोंडी होकारात असतं.

खासगी संग्रह विद्यापीठाकडे जाणं काही नवीन नाही. ऑक्सफर्डला एलियास ॲशमोलने आपला संग्रह दिला तो विद्यापीठाने त्यासाठी वेगळी इमारत बांधावी या अटीवर. त्यातून उभं राहिलेलं ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडलं. आपल्याकडे राय कृष्णदासांनी १९२० साली बनारसला भारतीय कला परिषद स्थापन केली. तिचा संग्रह १९२९ मध्ये नागरी प्रचारिणी सभेकडे आणि १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेला. तेच आजचं भारत कला भवन. तिथे नुसता संग्रह आला नाही. तो वस्तू-वस्तूने ओळखणारे कृष्णदासही बरोबर आले आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनीच तो सांभाळला. पुण्यात डेक्कन कॉलेजचं मराठा इतिहासाचं संग्रहालय द. ब. पारसनीसांच्या साताऱ्यातल्या संग्रहावर उभं आहे. त्यातली कागदपत्रं, चित्रं, नकाशे १९३९ मध्ये पुण्याला आले.

ही टिकलेल्या संग्रहांची नावं. न टिकलेल्यांची नावं सहसा कुणाला सांगता येत नाहीत, कारण त्यांची यादीच झालेली नसते.

होकाराआधी पाहणी

घरच्यांनी दिलेली यादी म्हणजे ‘निसर्गचित्र, मोठं, हॉलमधलं’ अशा नोंदी. ती वाटाघाटीला पुरते, करारनाम्याला नाही. विद्यापीठाने आपली माणसं पाठवून नगवार यादी करायची: कलाकार, माध्यम, सेंटिमीटरमध्ये उंची आणि रुंदी (या क्रमाने, आणि फ्रेमशिवाय), सही कुठे आहे, अवस्था कशी आहे आणि तीन फोटो: पुढून, मागून आणि बाजूने तिरका प्रकाश टाकून. तिरक्या प्रकाशात रंगाचे सुटलेले पापुद्रे, कॅनव्हासची पोक आणि जुनी दुरुस्ती लगेच दिसते. समोरून तेच चित्र ठणठणीत वाटतं. दोन सवयीची माणसं दिवसाला वीस-पंचवीस फ्रेम नीट तपासू शकतात. म्हणजे तीनशे नगांना दोन-तीन आठवडे धरायचे. एका दुपारी ‘बघून येतो’ म्हणणाऱ्या समितीने काही बघितलेलं नसतं.

चित्राची पाठ पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलते. लाकडी चौकटीवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या एखाद्या जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी असेल, फ्रेमवाल्याचं लेबल असेल, गॅलरीचा साठा क्रमांक असेल, पेन्सिलीने लिहिलेली किंमत असेल. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याचा हा सगळ्यात प्रामाणिक पुरावा. पण नवी फ्रेम करून देताना फ्रेमवाला जुनी पाठ फाडून टाकतो, म्हणून ‘देण्याआधी सगळी चित्रं नव्याने मढवून देतो’ असं कुटुंबाने प्रेमाने सुचवलं, तर तितक्याच प्रेमाने नको म्हणावं.

बनावट मालाची शंका घेणं म्हणजे दात्याचा अपमान नव्हे. तो स्वतःच फसलेला असू शकतो. महाराष्ट्रातल्या घरांत सर्वांत जास्त वेळा भेटणारा प्रकार म्हणजे ‘आजोबांच्या वेळचं रविवर्म्याचं ओरिजिनल’. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफांनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांनी, घराघरांतल्या भिंती भरल्या. काही जणांनी ते कापडावर चिकटवले, वर वॉर्निश दिलं, कुणी मोती आणि जरही लावली. दहापट मोठं दाखवणारं भिंग गालावर किंवा आभाळावर धरावं. छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके दिसतात, तैलरंगात कुंचल्याची रेघ आणि रंगाचा थर. ओलिओग्राफही जपण्यासारखाच असतो, फक्त त्याची नोंद मुद्रित चित्र म्हणून आणि विमा त्या भावाने व्हायला हवा.

खऱ्याखुऱ्या बनावटीची उदाहरणं शिक्षणसंस्थांतही घडली आहेत. कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात २०११ साली रवींद्रनाथांची म्हणून चित्रं मांडली गेली आणि त्यातली बहुतेक खोटी असल्याचा निष्कर्ष पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी काढला. त्याआधी २००९ मध्ये दिल्लीत सय्यद हैदर रझा आपल्याच प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीत हे त्यांनीच ओळखलं. प्रयोगशाळा काही बाबतींत झटपट मदत करते. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९२०च्या सुमारास. १८९५ची तारीख घातलेल्या चित्रात तो सापडला, तर एक तर तारीख खोटी किंवा नंतर कुणीतरी डागडुजी केलेली. मात्र असा रंग न सापडणं हा चित्र अस्सल असल्याचा पुरावा नाही. प्रयोगशाळा खोट्याला खोटं म्हणू शकते, खऱ्याला खरं म्हणत नाही. ते काम कागदांचं आणि जाणत्या डोळ्यांचं.

देणारा मालक आहे ना?

संग्रह ज्याच्या घरात आहे तोच मालक, असं कायदा मानत नाही. वडिलोपार्जित माल असेल तर भाऊ-बहिणी आल्या, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलींचा हक्क जन्मतःच आहे. धाकट्या भावाने संग्रह दिला आणि लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीने दोन वर्षांनी नोटीस पाठवली, तर विद्यापीठ त्या चित्रांना हातही लावू शकत नाही. म्हणून सगळ्या वारसांचं ना-हरकत पत्र मूळ सह्यांनिशी घ्यायचं, व्हॉट्सॲपवरचा अंगठा नव्हे. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने देताना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. गोव्यात तर अजून वेगळं. तिथे नवरा-बायकोची मिळकत सर्वसाधारणपणे सामाईक आणि वारसांसाठी निम्मा हिस्सा राखीव. म्हणजे जोडीदाराची सही नसेल तर कागद अर्धाच, आणि सगळाच्या सगळा संग्रह मृत्युपत्राने देऊन टाकला असेल तर वारस आपला निम्मा मागू शकतात. संग्रह एखाद्या ट्रस्टच्या नावे असेल तर घरच्या मंडळींनी कितीही मान डोलावली तरी विश्वस्तांचा ठराव लागतोच.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायदा लागू होतो. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. दगड, धातू, हस्तिदंत, माती, लाकूड यांतली शिल्पं, कागदावरची, कापडावरची वा लाकडावरची जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी खासगी मालकाने पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे केलेली असायला हवी. प्रमाणपत्रावर वस्तूचा फोटो असतो. तो फोटो आणि समोरची वस्तू एकच आहे का, हे मापांसकट ताडून पाहावं. हस्तांतर झालं की देणाऱ्याने त्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. सरकारी किंवा केंद्राने मान्य केलेल्या संस्थांच्या संग्रहालयातल्या वस्तूंना नोंदणीतून सूट आहे. आपलं विद्यापीठ त्यात बसतं का, हे लेखी विचारून घ्यावं, गृहीत धरू नये. नऊ चित्रकारांच्या कृती वय कितीही असो ‘बहुमोल कलाकृती’ ठरवल्या गेल्या आहेत: रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, रविवर्मा, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. त्या देशात विकता-देता येतात, पण परदेशी पाठवणं फक्त केंद्र सरकारच्या हातून.

धातूच्या आणि दगडी मूर्तींच्या बाबतीत पायथा बघायचा. बैठकीवरून करवतीने कापल्याची खूण, मागच्या प्रभावळीची तुटलेली कड, ताजं दिसणारं मोडलेलं टोक. मंदिरातून काढलेल्या मूर्तीची ही लक्षणं. कागद नसतील आणि अशी खूण असेल, तर ती मूर्ती संग्रहातून वगळून घ्यायला सांगावं. बाकी सगळं मिळावं म्हणून हा एक नग पदरात घेणं म्हणजे पुढे पोलिसांच्या पंचनाम्यात विद्यापीठाचं नाव.

पैशाचं गणित

भारतात दात्याला चित्र दिल्याबद्दल प्राप्तिकरात सवलत नाही. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत रोख रकमेच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. अनेक कुटुंबांना हे शेवटच्या बैठकीत कळतं आणि मन मोडतं, तेव्हा पहिल्याच भेटीत सांगावं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांनी तिथल्या विद्यापीठ-संग्रहालयाला चित्रं दिली, तर चित्र संस्थेच्या कामाशी निगडित असल्यास बाजारभावाने वजावट मिळू शकते. त्यासाठी ५,००० डॉलरच्या वर स्वतंत्र मूल्यांकन लागतं, तिथल्या कर खात्याच्या फॉर्म ८२८३वर संस्थेची सही लागते, आणि संस्थेने तीन वर्षांच्या आत ते चित्र विकलं तर कर खात्याला कळवावं लागतं.

दान आणि विकत यांच्या मधलाही मार्ग आहे. चित्रकार जॉन ट्रम्बुलने १८३० च्या सुमारास आपली चित्रं येल विद्यापीठाला दिली आणि बदल्यात वर्षाला १,००० डॉलरचं तहहयात वर्षासन घेतलं. तो आणि त्याची बायको त्याच चित्रदालनाखाली पुरलेले आहेत, तीही त्याचीच इच्छा. निम्मी किंमत, हप्त्याने किंमत, ठरावीक मुदतीचा ताबा असे प्रकार आपल्याकडेही करता येतात. मुंबईचा जहांगीर निकल्सन यांचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, पण मालकी त्यांच्या प्रतिष्ठानची. संग्रहालय जागा देतं, प्रतिष्ठान संग्रह चालवतं. छोट्या विद्यापीठाने एकदम मालकी घेण्याआधी पाच वर्षांचा असा करार करून बघणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

अटी

संग्रहाची खरी किंमत दानपत्रातल्या अटींत असते. ‘संग्रह विकू नये’, ‘एकत्रच ठेवावा’, ‘सतत प्रदर्शनात असावा’, ‘दालनाला आईंचं नाव द्यावं’. प्रत्येक वाक्य ऐकायला साधं. त्यांचं पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाच्या प्रकरणातून नीट कळतं.

टेनेसी राज्यात नॅशव्हिल इथे असलेलं फिस्क हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ १९४६ मध्ये वारला. त्याची बायको चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिने १९४९ मध्ये त्याच्या संग्रहातल्या आणि स्वतःच्या मिळून १०१ कलाकृती फिस्कला दिल्या. सेझान, पिकासो, रेन्वार, दिएगो रिव्हेरा अशी नावं त्यात होती. ज्या काळात दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांची बाकंही वेगळी होती, त्या काळात तिने हा संग्रह मुद्दाम तिथे दिला. अटी दोन: विकायचं नाही आणि सगळं एकत्र मांडायचं. सांभाळायचा खर्च कुठून आणायचा, याची पुरेशी तजवीज मात्र नव्हती. पुढे विद्यापीठाची आर्थिक स्थिती खालावली आणि २००५ मध्ये त्यांनी ओकीफचंच एक गाजलेलं चित्र आणि मार्सडन हार्टलीचं एक, अशी दोन चित्रं विकायची परवानगी मागितली. तिच्या नावाचं संग्रहालय कोर्टात आलं, राज्याचे ॲटर्नी जनरल आले. सात वर्षं खटला चालला. शेवटी २०१२ मध्ये आर्कान्सास राज्यातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाला ३ कोटी डॉलरमध्ये निम्मी मालकी मिळाली आणि संग्रह आता दोन-दोन वर्षं आलटून-पालटून दोन ठिकाणी राहतो. विकायचं नाही ही अट मोडली आणि सात वर्षांच्या वकिलांचं बिलही आलं.

खटला चालला तो एका जुन्या तत्त्वावर: दात्याची अट अक्षरशः पाळणं अशक्य झालं, तर न्यायालय त्याच्या मूळ हेतूच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा मार्ग काढतं. महाराष्ट्राच्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही हेच तत्त्व आहे. पण कोर्टात जाण्यापेक्षा ते दानपत्रातच लिहिलेलं बरं. आमच्या मते करारात खालची कलमं असल्याशिवाय सही करू नये.

‘कायम प्रदर्शनात’ ऐवजी ‘दर तीन वर्षांत किमान एकदा, निवडक कृती’ असं लिहावं. कागदावरचं चित्र कायम भिंतीवर ठेवलं तर अट पाळली जाते आणि चित्र जातं. ‘विकू नये’ला मुदत घालावी, म्हणजे पंचवीस वर्षं, आणि त्यानंतर दुबार किंवा खराब झालेले नग आधी दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला देऊ करायचे. विक्री झालीच तर पैसा फक्त संग्रहासाठी. लंडन विद्यापीठातल्या रॉयल होलोवे कॉलेजने १९९३ मध्ये आपल्या संस्थापकाच्या संग्रहातलं टर्नरचं चित्र इमारतीच्या देखभालीसाठी विकलं आणि त्यावरून केवढं तरी काहूर उठलं. नामकरणाला इमारतीची नव्हे, संग्रहाची पाटी द्यावी. इमारत पडते किंवा खातं हलतं, संग्रहाचं नाव त्याच्याबरोबर जातं. आणि ‘दात्याला वाटेल तेव्हा परत घेता येईल’ असं वाक्य कुणी घालायला सांगितलं, तर मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणे तसं दान ठरतच नाही, हे वकिलाकडून समजावून द्यावं. परत हवंच असेल तर तो ताबा-करार असू दे.

जंगम वस्तूंचं दान नोंदणीकृत दानपत्राने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होतं. पण दात्याच्या हयातीत स्वीकार व्हायला हवा. संग्राहक ८८ वर्षांचे आणि विद्यापीठाची बैठक तीन महिन्यांनी, अशा वेळी हे कलम कोरडं राहत नाही.

स्वामित्वहक्क वेगळा

चित्र मिळालं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो त्याच्या वारसांकडे असतो. शेरगिल १९४१ मध्ये गेल्या, त्यांची चित्रं मोकळी झाली. हुसेन २०११ मध्ये गेले, तेव्हा २०७१ संपेपर्यंत त्यांची चित्रं कॅलेंडरवर, मगवर, दीक्षान्त समारंभाच्या पत्रिकेवर घालायची तर लेखी परवानगी हवी. परवानगीच्या कागदावर मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. शिवाय कलाकाराचा एक हक्क चित्र विकल्यावरही उरतो: कलाकृतीची नासधूस झाली आणि त्याच्या नावाला बट्टा लागला तर तो दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. गोदामात नासू देणंही अंगाशी येऊ शकतं ते असं.

कुठल्या रजिस्टरात?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात २०१६च्या कायद्याप्रमाणे देणग्या आणि मिळकती स्वीकारायचा अधिकार व्यवस्थापन परिषदेला आहे. कुलगुरूंच्या पत्राला तिथे ठरावाचं बळ लागतं. ठरावाला यादी, दानपत्राचा मसुदा आणि दरवर्षीचा खर्च जोडलेला असावा.

त्यानंतर येतो तो खरा धोका. ठराव झाला की लेखा विभाग विचारतो, नोंद कुठे करायची? सवयीने उत्तर येतं: डेड स्टॉक रजिस्टर. त्या जड वस्तुसंग्रह नोंदवहीत ‘फ्रेम केलेले चित्र, नग ४२’ असा शेरा पडतो, वरच्या ओळीत सीलिंग फॅन आणि खालच्या ओळीत लाकडी बाकं. दर काही वर्षांनी निर्लेखन समिती येते, मोडकं-तोडकं बघते आणि भंगारात काढते. पापुद्रे सुटलेलं तैलचित्र तिच्या नजरेत मोडकंच असतं. यात कुणाची वाईट नियत नसते, कारण नोंदवहीने त्यांना तेच सांगितलेलं असतं.

म्हणून संग्रहाची परिग्रहण नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक नगाला क्रमांक देणारी वही, वेगळी: बांधीव, पानांना छापील क्रमांक, टिकाऊ शाईने लिहिलेली, खाडाखोड नाही. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही-तारीख. क्रमांकाची साधी पद्धत तीन भागांची, वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, आणि नग. २०२६.३.४२ म्हणजे २०२६ साली आलेल्या तिसऱ्या संग्रहातला बेचाळिसावा. डब्याला झाकण असेल तर त्याच क्रमांकापुढे डब्याला अ आणि झाकणाला ब. निर्लेखनाच्या नियमांतून ही नोंदवही वगळल्याचा ठराव त्याच बैठकीत करून घ्यावा, नंतर कुणाला आठवत नाही. संगणकावरच्या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ नावाची प्रणाली केली आहे, देशातल्या मोठ्या संग्रहालयांत ती वापरली जाते. तरी कागदी नोंदवही सोडू नये.

क्रमांक वस्तूवर घालण्यातही नुकसान करता येतं. स्टिकर नको, त्याचा गोंद पिवळा पडून खाली उतरतो. कागदावर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात. धातू-दगडावर आधी पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. कलाकृतींची डागडुजी करणारे संवर्धक वापरतात ते रेझिन म्हणजे पॅरालॉइड बी-७२, ते ॲसिटोनने पुसून काढता येतं. कापडाला सुती फीत शिवायची.

हलवणं आणि विलगीकरण

जून ते सप्टेंबर हलवू नये. चित्राला थेट बबल रॅप गुंडाळू नये. उन्हात तापलेल्या टेम्पोत रंग मऊ होतो आणि फोडांचे गोल गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासाइन हा गुळगुळीत पातळ कागद, मग फोम, मग पेटी. पेटीला खिळे ठोकायचे नाहीत, स्क्रू लावायचे, कारण प्रत्येक ठोका चित्रापर्यंत पोचतो. काचेवर चिकटपट्टीची जाळी करावी, फुटली तरी तुकडे चित्रात रुतत नाहीत. चित्रं गाडीत उभी, प्रवासाच्या दिशेला समांतर. विमा भिंतीवरून निघाल्यापासून भिंतीवर लागेपर्यंतचा घ्यायचा, यालाच व्यवसायात नेल टू नेल म्हणतात. त्यात किंमत आधी ठरवून लिहिलेली असावी, नाहीतर नुकसानीनंतर विमा कंपनीशी बाजारभावावर वाद घालत बसावं लागतं. पोचल्यावर पेटी २४ तास तशीच खोलीत ठेवून मग उघडायची.

नवा माल सरळ भांडारात न्यायचा नाही. वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर, तीन-चार आठवडे ठेवायचा. फ्रेमच्या खाली पिठासारखा भुगा पडला तर आत लाकूड पोखरणारी अळी जिवंत आहे. अशा फ्रेमला हवाबंद पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह तीन ते चार आठवडे ठेवतात. पुस्तकं आणि कापडाला उणे २० अंशांच्या खाली गोठवण्याचा उपाय चालतो, तैलचित्राला अजिबात नाही, रंग तडकतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी थायमॉल या बुरशीनाशकाची धुरी देत. त्याने तैलरंग आणि वॉर्निश मऊ पडतं, तेव्हा कपाटात ती बाटली दिसली तर बाजूला करावी.

बुरशी हा आपला खास पाहुणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि कोकणात पावसाळाभर आकडा त्याच्या बराच वर असतो. अशा वेळी एसी बसवला की काम झालं असं वाटतं. पण सरकारी वेळेत सुरू आणि संध्याकाळी शिपाई बंद करून जाणार, असा एसी नसलेला बरा. रात्री ओली हवा थंड भिंतींवर आणि काचांच्या आत पाणी होऊन बसते, आणि चित्राचं कापड रोज ताणतं-सैलावतं. ४५ ते ५५ टक्के ही आदर्श पट्टी. ती जमत नसेल तर ६०च्या आत आणि स्थिर, यावर भर द्यावा: हवेतला ओलावा शोषणारा, चोवीस तास चालणारा डीह्युमिडिफायर, मंद पंखा, भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेले रॅक आणि दर तासाला नोंद करणारा डेटालॉगर. भांडार तळघरात नको, गच्चीच्या लगेच खालीही नको, आणि डोक्यावर स्वच्छतागृह तर नकोच. खालचा कप्पा फरशीपासून किमान १५ सेंमी वर. प्रदर्शनात लघुचित्रं आणि जलरंगांना ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप), तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही, म्हणून कागदी कृती तीन-चार महिने लावून विश्रांतीला ठेवायची.

या सगळ्याचा वर्षाचा खर्च समजा १२ लाख धरला: एक अभिरक्षक (संग्रह सांभाळणारा क्युरेटर), वीज, विमा, दोन-चार चित्रांची दुरुस्ती. ६ टक्के व्याजाने त्याला दोन कोटींची ठेव लागते. पण सगळं व्याज खर्च केलं तर महागाई ठेव खाऊन टाकते. ४ टक्केच काढायचे म्हटले तर ठेव तीन कोटींची. हा आकडा दात्यासमोर ठेवायला संकोचू नये. चित्रं देणारा कधी कधी थोडी रक्कमही देतो, फक्त कुणी मागत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून कलाकृतींच्या संवर्धनाला पैसा देता येतो, कायद्याच्या यादीत ते आहे, मात्र तो वर्षागणिक येतो. अभिरक्षकाचा पगार त्यावर टांगून ठेवू नये.

संग्रह येऊन वर्ष झालं की पहिली पडताळणी. नोंदवहीतून दहा टक्के नग चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि जागेवर शोधायचे. मग उलट, कपाटातून तेवढेच नग उचलून नोंदवहीत शोधायचे. पहिल्या फेरीत हरवलेला नग कळतो, दुसऱ्या फेरीत नोंदच न झालेला. काम अभिरक्षकाने एकट्याने करायचं नाही, लेखा विभागाचा एक माणूस आणि बाहेरचा एक माणूस हवा. न सापडलेल्या नगाची लेखी सूचना त्याच दिवशी कुलसचिवांना, आणि अहवालाची एक प्रत दात्याच्या कुटुंबाला.